गेटला खेटून दीड वर्ष उभी राहिलेली व्हॅन: मुलुंडच्या एका गल्लीतलं प्रकरण

मुलुंड पूर्वेची एक आतली गल्ली. रुंदी ६ मीटर, जुन्या भाषेत वीस फुटी. एका बाजूला सत्तरच्या दशकातली तीन मजली सोसायटी, लिफ्ट नाही, गेट ३ मीटरचं. समोर तशीच दुसरी इमारत. त्या इमारतीतल्या एका घराची पेट्रोल आणि सीएनजीवर चालणारी जुनी व्हॅन पहिल्या सोसायटीच्या कंपाउंडला लागून, गेटला खेटून उभी होती आणि दीड वर्ष जागची हलली नव्हती. तक्रार होती गेटलगतच्या तळमजल्यावरच्या कुटुंबाची. घरात आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागणारे आजोबा, आणि रुग्णवाहिका गेटात वळत नाही म्हणून त्यांना दर वेळी खुर्चीवरून गल्लीच्या तोंडापर्यंत न्यावं लागायचं.

उपनगरांत अशी प्रकरणं पावलोपावली आहेत. त्यांत नेहमी येणाऱ्या अडचणी एकत्र करून हे प्रकरण एका गल्लीत बसवलं आहे. माणसांची, सोसायटीची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

पहिली तक्रार का बुडाली

कुटुंबाने महापालिकेच्या १९१६ वर फोन केला आणि वाहतूक पोलिसांनाही कळवलं. मजकूर साधारण असा: 'समोरच्या शेजाऱ्यांनी आमच्या घरासमोर गाडी लावून ठेवली आहे. आम्हाला त्रास होतो, गाडी हटवावी.' एक हवालदार येऊन गेले. 'नो पार्किंग'चा बोर्ड दिसला नाही, गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावलेली दिसली. त्यांनी नंबरवर ई-चलन केलं आणि तक्रार 'कार्यवाही पूर्ण' म्हणून बंद झाली. गाडी तिथेच राहिली.

हवालदारांची चूक काढण्यात अर्थ नाही, कारण मजकुरातच दम नव्हता. आपल्या घरासमोरचा सार्वजनिक रस्ता आपला नसतो. खिडकीखाली गाडी लागली, ऊन अडलं, आपल्याला आपली गाडी लावता आली नाही, यांतलं एकही कारण कायद्यात बसत नाही. बहुतेक लोक इथेच अडकतात आणि 'पोलीस काही करत नाहीत' म्हणून हात टेकतात. जागेवरचा हक्क सोडून द्यायचा आणि अडथळ्यावर बोट ठेवायचं, म्हणजे तक्रारीला कलमं सापडतात.

कलमं तीन-चारच आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२२: सार्वजनिक ठिकाणी धोका, अडथळा किंवा इतरांची अवाजवी गैरसोय होईल अशा जागी किंवा अवस्थेत गाडी ठेवता येत नाही. कलम १२७: सार्वजनिक ठिकाणी १० तास किंवा जास्त वेळ बेवारस अथवा कोणी सोबत नसताना सोडलेली, किंवा जिथे पार्किंगला कायद्याने बंदी आहे तिथे लावलेली गाडी गणवेशातला पोलीस अधिकारी टोइंगने हलवायला लावू शकतो, आणि टोइंगचा खर्च मालकाच्या माथी. अक्षरशः धरायचं तर या कलमाखाली रात्री अर्धी मुंबई उचलावी लागेल, म्हणून पोलीस ते तारतम्यानेच वापरतात. 'दहा तासांच्या वर उभी आहे' एवढंच सांगून कोणी क्रेन पाठवत नाही. एखाद्या आवाराच्या प्रवेशद्वाराला अडथळा होईल अशी गाडी लावणं हे पार्किंगच्या नियमांतही वेगळं निषिद्ध आहे, आणि या प्रकरणात तेच सगळ्यांत उपयोगी पडणार होतं. भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ सार्वजनिक वाटेत अडथळा आणण्याबद्दल ५,००० रुपयांपर्यंत दंड सांगतं. महापालिकेच्या बाजूने मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधलं कलम ३१४ आहे, रस्त्यावर ठेवलेली वस्तू हटवण्याचं.

टेप, खडू आणि नंबर

दुसऱ्या वेळी सोसायटीच्या सेक्रेटरींनी काम हातात घेतलं आणि आधी मोजमाप केलं. गल्ली ६ मीटर. व्हॅन कडेपासून थोडी सुटून उभी, म्हणून तिने १.७ मीटर खाल्ले. समोरच्या बाजूच्या गाड्यांनी आरशांसकट १.९. उरले २.४ मीटर. मोठ्या वाहनाची रुंदी नियमाने २.६ मीटरपर्यंत असू शकते आणि अग्निशमन दलाचा बंब अडीचच्या आसपास असतो. म्हणजे बंब गल्लीत शिरणारच नाही. शिवाय व्हॅनचा मागचा बंपर गेटच्या खांबापासून ६० सेंटीमीटर आत आलेला. ३ मीटरच्या गेटातले २.४ उरले, तेही सरळ शिरायला. २.४ मीटरच्या गल्लीतून काटकोनात वळून तेवढ्याच फटीत रुग्णवाहिका घालणं कोणत्याही चालकाला जमणार नाही.

हे आकडे तोंडी सांगून भागत नाही. टेप जमिनीवर पसरून, आकडा वाचता येईल असा फोटो हवा. सेक्रेटरींनी चार फोटो काढले: नंबरप्लेट, गेटच्या खांबापासून बंपरपर्यंत टेप, उरलेल्या रस्त्यावर आडवी टेप, आणि बसलेलं मागचं चाक, ज्याच्याभोवती पालापाचोळा साचून गवत उगवलं होतं. सोबत एक साधी युक्ती: टायरवर आणि त्याखालच्या रस्त्यावर खडूची एकच सरळ रेघ. गाडी वीतभर जरी हलली तरी दोन तुकडे जुळत नाहीत. दर पंधरा दिवसांनी त्याच जागी उभं राहून तोच फोटो. पावसाळ्यात खडू टिकत नाही, तेव्हा ऑइल पेंटचा टिंब रस्त्यावर ठीक, पण टायरला रंग लावायचा नाही; उद्या मालक 'नुकसान केलं' म्हणून उलटतो.

मग सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर घालून पाहिला. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, पण कामाच्या तारखा पूर्ण दिसतात. नोंदणी २००८ ची, मुंबई पूर्व म्हणजे वडाळा आरटीओ, एमएच-०३. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, ती मार्च २०२३ मध्ये संपलेली. विमा संपलेला, पीयूसी संपलेलं. बँकेच्या कर्जाचा बोजा मात्र अजून नोंदीवर, हे आत्ता किरकोळ वाटलं तरी पुढे आडवं आलं.

चौथी तपासणी जागेची. गल्ली महापालिकेच्या ताब्यातला रस्ता आहे की लेआउटमधला खासगी? मोटार वाहन कायद्यात 'सार्वजनिक ठिकाण' म्हणजे जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे ती जागा, आरपार रस्ता असो वा नसो. त्यामुळे म्हाडा वसाहतींतले किंवा लेआउटमधले उघडे रस्तेही त्यात बसू शकतात, पण चौकीवर हा वाद घालण्यापेक्षा पालिकेच्या वॉर्ड ऑफिसकडून रस्ता पालिकेचा असल्याचं आधीच विचारून घेतलेलं बरं. या गल्लीचं डांबरीकरण आणि दिवे पालिकेचे होते, प्रश्न मिटला.

व्हॅन गेटच्या आत, सोसायटीच्या जागेत असती तर हे सगळं प्रकरण बदललं असतं. तिथे पोलीस 'खासगी जागा आहे, आपसात मिटवा' म्हणतात आणि ते बरोबरच आहे. मग मार्ग सोसायटीच्या उपविधींचा, म्हणजे तिच्या नियमांचा: कार्यकारिणीची नोटीस, सर्वसाधारण सभेचा ठराव, पार्किंग शुल्क, आणि शेवटी सहकार खातं किंवा सहकार न्यायालय.

समोरच्या घरात नेमकं काय होतं

इतके दिवस गल्लीत समज असा होता की समोरचे लोक मुद्दाम गाडी आपल्या दारात न लावता पलीकडे लावून ठेवतात. खरी गोष्ट वेगळी निघाली. व्हॅन तिथल्या काकांच्या नावावर होती. काका २०२३ च्या पावसाळ्यात गेले. मुलगा बंगळुरूला, मुलगी नाशिकला, काकू इथे एकट्या. त्या दिवाळीत मुलाने गाडी एकदा फिरवून आणली आणि मोकळी दिसली त्या जागी लावली. नंतर कोणी हात लावला नाही. काकूंना गाडी चालवता येत नाही, आणि काकांची गाडी विकायचा विषय काढायला घरात कोणी तयार नाही.

ई-चलनाचं काय झालं तेही कळलं. चलनाचा एसएमएस नोंदणीतल्या मोबाइलवर जातो. तो नंबर काकांचा, कधीच बंद झालेला. म्हणजे वर्षभर चलनं होत होती आणि ती वाचणारं कोणी नव्हतं. कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या प्रत्येक वेळी १,५०० रुपयांपर्यंत. तीन चलनांतच साडेतीन हजार झाले. दंडाने माणूस हलतो हे गृहीतक अशा घरात लागू पडत नाही.

तळमजल्यावरच्या गृहस्थांनी आधी एकदा रागात विचारलं होतं, 'काकू, तुमची गाडी कधी काढताय?' त्यावर काकूंचं उत्तर होतं, 'रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का?' (कायद्याने त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.) दुसऱ्यांदा सेक्रेटरींच्या पत्नी गेल्या, चहाच्या वेळी, फोटोंशिवाय. 'काकू, गाडीच्या कागदांचं कोणी बघतंय का? आजोबांची अ‍ॅम्ब्युलन्स आत येत नाही, म्हणून विचारायला आले. आमचे हे आरटीओचं करून देतील, तुम्ही फक्त दादाशी बोला.' काकू आत गेल्या आणि आरसी बुकाची प्लास्टिकची पिशवी घेऊन बाहेर आल्या. त्यांना वर्षभर नेमकं हेच कोणीतरी विचारायला हवं होतं.

तरीही लेखी पत्र द्यावं, आणि ते गोड बोलणं झाल्यावर द्यावं. सोसायटीच्या लेटरहेडवर, गाडीच्या मालकाच्या वारसांच्या नावे, आठ ओळींत: गाडीचा नंबर, जागा, मोजमाप, आजोबांची गरज, 'पंधरा दिवसांत गाडी हलवावी, तोपर्यंत निदान ३ मीटर पुढे घ्यावी' ही विनंती. पोच सही घेऊन, नाहीतर स्पीड पोस्टाने. चौकीवर पुढे पहिला प्रश्न हाच येतो: 'तुम्ही त्यांना सांगितलंत का?'

दुसरी तक्रार, आणि ती कुठे घसरली

मुलगा फोनवर 'बघतो' म्हणत राहिला. एप्रिल उजाडला. या वेळी दोन ठिकाणी दोन वेगवेगळे अर्ज गेले, कारण काम खरोखर विभागलेलं आहे. चालण्याच्या अवस्थेतली, पण अडथळा करणारी गाडी हा वाहतूक पोलिसांचा विषय. गंजलेली, बसलेली, सोडून दिल्यासारखी गाडी हा वॉर्ड ऑफिसचा: ते नोटीस चिकटवतात, मुदत तासांत मोजतात, सहसा ४८ ते ७२ तास, आणि गाडी चोरीची किंवा गुन्ह्यातली नाही याची पोलिसांकडून खात्री झाली की उचलून यार्डात नेतात. अर्ज एकाच ठिकाणी केला की ते दुसऱ्याकडे बोट दाखवतात. दोघांकडे केला, आणि प्रत्येकात दुसऱ्याचा आवक क्रमांक लिहिला, की बोट दाखवायला जागा उरत नाही.

पोलिसांच्या अर्जात प्रवेशद्वाराचा अडथळा, कलम १२२ आणि १२७, टेपचे फोटो. वॉर्डाच्या अर्जात गाडीची अवस्था, खडूच्या रेघेचे फोटो, संपलेल्या नोंदणीचा स्क्रीनशॉट. आणि तिसरा, स्वतंत्र अर्ज पावसाळी गटाराचा. व्हॅनच्या पोटाखाली त्या गटाराचं चेंबर होतं आणि दीड वर्ष त्याचं झाकण कोणाला उघडता आलं नव्हतं. मुंबईत ३१ मेच्या आत गाळ काढायची घाई असते. तेव्हा 'अमुक चेंबर गाडीमुळे उघडता येत नाही' हा अर्ज पार्किंगच्या दहा अर्जांपेक्षा लवकर हलतो. गाडीवरच्या ताडपत्रीच्या खळग्यात पाणी साचून डास होतात, त्याची खबर कीटकनाशक विभागाला वेगळी दिली. डेंग्यूच्या एडिस डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे जूनच्या पहिल्या सरीनंतर हा मुद्दा आणखी जड होतो.

नोटीस लागली, आणि लगेच घसरण झाली. व्हॅनच्या काचेवर कागद बघून काकू घाबरल्या. त्यांनी वॉचमनला पैसे देऊन गाडी धुऊन घेतली, ताडपत्री काढली, पंक्चरवाल्याला बोलावून दोन चाकांत हवा भरली. वॉर्डाची माणसं आली तेव्हा समोर स्वच्छ, चारी चाकांवर उभी गाडी. 'ही बेवारस कुठे आहे?' म्हणून नंबर बेवारस गाड्यांच्या यादीतून गेला. हा प्रकार इतका नेहमीचा आहे की ज्यांना अनुभव आहे ते नोटिशीच्या दिवशीच गाडीचा फोटो काढून ठेवतात. धुतलेली गाडी म्हणजे चालती गाडी नव्हे, हे खडूची रेघ आणि नोंदणीची संपलेली तारीख सांगते. सेक्रेटरी दोन्ही घेऊन पुन्हा गेले. माहिती अधिकाराचा अर्जही दिला. महाराष्ट्रात फी १० रुपये, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न दोनच: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणती कार्यवाही झाली, आणि नंबर यादीतून काढल्याच्या शेऱ्याची प्रत. 'का केली नाही' असं विचारलं की 'माहितीच्या व्याख्येत बसत नाही' असं उत्तर येतं.

याच सुमारास गल्लीतल्या दोन तरुणांनी सुचवलं की रात्री चार जणांनी गाडी ढकलून कोपऱ्यावर नेऊ, किंवा हवा सोडून देऊ म्हणजे खरोखर बेवारस दिसेल. सेक्रेटरींनी अडवलं ते बरं केलं. हवा सोडणं, ओरखडे, आरसा तोडणं हा न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली आगळीक म्हणून गुन्हा ठरू शकतो, आणि त्या दिवसापासून तक्रारदार आरोपी होतो. जागा अडवायला कुंड्या, साखळ्या, दगड टाकणंही तसंच अंगाशी येतं. ते रस्त्यावरचं अतिक्रमण, आणि पालिका आधी तेच उचलते.

गाडी ठेवायची, विकायची की मोडीत काढायची

दुसऱ्या नोटिशीनंतर मुलगा शनिवार-रविवार जोडून आला. सेक्रेटरींनी त्याच्यासमोर कागदावर हिशोब मांडला, आणि सगळं प्रकरण खरं तर तिथे सुटलं.

गाडी ठेवायची तर आधी नावावर करावी लागेल. मालक गेल्यावर वारसाने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा असतो. ती मुदत कधीच उलटलेली. मग नोंदणीचं नूतनीकरण: या वयाच्या मोटारीला तेव्हा ५,००० रुपये, आणि उशिराचे दर महिना ५००. मार्च २०२३ पासून पंचवीस महिने धरले तर १२,५००. वर पर्यावरण कर, थकलेली चलनं, विमा, पीयूसी. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी, म्हणून उच्च सुरक्षा नंबरप्लेट. सीएनजी टाकीची तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची चाचणी. टाकीवर कोरलेली तारीख २०१९ ची होती. आणि आरटीओत गाडी तपासणीला न्यायची तर ती आधी चालायला हवी: बॅटरी, पाच टायर, ब्रेकचं काम, उंदरांनी खाल्लेलं वायरिंग. हा आकडा व्हॅनच्या किमतीच्या पुढे गेला.

कुर्ल्याच्या भंगारवाल्याचा फोन आला होता, रोख देऊन लगेच उचलतो म्हणून. तो मोह टाळायचा. भंगारवाला पत्रा घेऊन जातो, पण आरटीओच्या नोंदीत गाडी जिवंत राहते. तो नंबर, तो चेसिस पुढे कुठे फिरेल सांगता येत नाही, आणि पोलीस नोंदणीतल्या पत्त्यावर येतात. २०२१ च्या नियमांखाली नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रं आहेत. तिथे गाडी दिली की ती जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र आणि नंतर मोडीत काढल्याचं प्रमाणपत्र मिळतं, आणि नोंदणी रद्द होते. ठेव प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या नोंदणी फीत माफी आणि करात सवलत मिळते, ती मुलाच्या कामाची होती.

केंद्राला आधी सगळ्या कागदांचे फोटो पाठवायचे, नाहीतर क्रेन येऊन परत जाते. लागलं ते असं: मूळ आरसी, मृत्यूचा दाखला, काकू, मुलगा आणि मुलगी या तिन्ही वारसांपैकी एकाच्या नावे बाकी दोघींची ना-हरकत, ओळखपत्रं, रद्द केलेला चेक. नाशिकच्या मुलीची सही पंधरा दिवस रखडली; भांडण नव्हतं, वडिलांच्या गाडीवर सही करायला हात उचलत नव्हता. आणि बँकेचा बोजा. कर्ज २०१३ मध्येच फिटलेलं, पण बोजा उतरवायचा फॉर्म ३५ कोणी आरटीओत दिलाच नव्हता. बँकेच्या शाखेतून नव्याने ना-हरकत मिळवण्यात सगळ्यांत जास्त वेळ गेला. ज्यांच्या घरात कर्ज फिटलेली गाडी आहे त्यांनी आरसीवर बँकेचं नाव आजच बघावं.

मधल्या काळात पोलिसांनी एक व्यवहार्य मार्ग सुचवला: कागद होईपर्यंत गाडी निदान गेटपासून पुढे घ्या. जागा होती, ३ मीटर पुढे. तेवढ्याने आजोबांचा प्रश्न सुटणार होता.

बंद गाडी ३ मीटर हलवणं

दीड वर्ष उभी गाडी ढकलून हलत नाही. हँडब्रेक ओढलेला असेल तर मागच्या चाकांच्या ब्रेक ड्रममधले लायनर गंजून ड्रमला चिकटतात. दोन पावसाळे गेले की नक्कीच. त्यामुळे मेकॅनिक बोलवावा, आणि क्रम पाळावा.

आधी मागचं दार आणि पुढची दारं उघडून गाडी अर्धा तास मोकळी सोडायची, सीएनजीचा वॉल्व्ह हाताने बंद करायचा. वास येत असेल तर बॅटरी, जंपर, दिवा, काहीही जोडायचं नाही. पेट्रोल दीड वर्षात चिकट होतं, म्हणून इंजिन चालू करून बघण्याचा हट्ट नको. मग किल्ली. किल्लीशिवाय स्टिअरिंगचं लॉक सुटत नाही आणि पुढची चाकं आहेत त्याच कोनात अडतात. इथे चाकं भिंतीकडे वळलेली होती, म्हणजे गाडी ढकलली असती तर भिंतीतच गेली असती. काकूंना किल्ली देवघराच्या खणात सापडली.

चारी चाकांत ३० पाउंड हवा. तीन चाकांनी धरली. एका चाकाची कड रिममधून सुटलेली, त्यात हवा भरणं व्यर्थ. तिथे स्टेपनी लावली. चाकांना लाकडी ठोकळे, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली. मागचं एक चाक तरीही जाम. ते जॅकवर घेऊन हँडब्रेकची केबल सैल केली आणि ड्रमच्या कडेवर हातोडीने गोल फिरत ठोकलं. पाचव्या-सहाव्या घावाला लायनर सुटल्याचा ठक्क आवाज आला. जोरात ठोकायचं नाही, ड्रमला तडा जातो. मग एक जण स्टिअरिंगवर, तिघं मागे, आणि एक जण ठोकळा हातात घेऊन चाकाच्या बाजूला, कारण या गाडीचे ब्रेक लागणार नाहीत हे धरूनच चालायचं. ब्रेक सुटलेच नसते तर जाम चाकाखाली चाकांची ट्रॉली घालणं किंवा गाडी अख्खी ट्रकवर चढवणं एवढेच पर्याय. हे सगळं मुलाच्या समोर, त्याच्या लेखी संमतीने झालं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'हलवा, माझी हरकत नाही' हा मेसेजसुद्धा चालतो, पण असावा.

चेंबर त्याच आठवड्यात उघडलं. व्हॅन स्क्रॅपिंग केंद्राच्या ट्रकवर चढली ती जूनमध्ये, कागद पूर्ण झाल्यावर. उचलताना चेसिस नंबर, ओडोमीटर आणि चारी बाजूंचे फोटो मुलाने काढून घेतले, आणि नोंदणी रद्द झाली की नाही ते एमपरिवहनवर पुन्हा पाहिलं. चलनं त्याने आधीच भरली होती.

मोकळ्या झालेल्या जागेवर पहिल्याच आठवड्यात दोन बुलेट आणि एका ऑनलाइन टॅक्सीवाल्याची गाडी लागायला लागली. सोसायटीने स्वतः रंगवलेला 'नो पार्किंग' बोर्ड गेटवर होताच, पण तशा बोर्डाला कायद्याचं बळ नसतं. त्यावरून टो होत नाही. बंदीचा आदेश वाहतूक पोलिसांनी काढावा लागतो, तेव्हाच त्यांचा अधिकृत बोर्ड लागतो. रस्त्यावरचे पट्टे पालिका मारते. म्हणून सेक्रेटरींनी वाहतूक विभागाला गेटची रुंदी आणि दोन्ही बाजूंना वळायला लागणारे दीड-दीड मीटर धरून ६ मीटर पट्ट्यात पार्किंगबंदी मागणारा अर्ज दिला आणि एक प्रत वॉर्डाला. सोबत टेपचे जुने फोटो, बुलेटचे नवे फोटो, आजोबांच्या डायलिसिस केंद्राचं पत्र, आणि या वेळी समोरच्या इमारतीच्या कार्यकारिणीची सहीसुद्धा. ती सही काकूंनी मिळवून दिली.